खाली दुकान, वर घर. मधल्या माळ्यावर बाई

कल्याणच्या पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना बिल्डरांचे जे मोठमोठे फलक दिसतात, त्यांची भाषा हल्ली बदलली आहे. पूर्वी ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ एवढे लिहिले की भागत असे. आता एकाच संकुलात घर, दुकान, ऑफिस, बाजार असे सगळे मिळेल, असे आश्वासन असते. शहरांचे नियोजन करणारी मंडळीही हेच सांगतात. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे ही जुनी पद्धत चुकली, दोन्ही एकत्र आणा, म्हणजे प्रवास वाचेल, रस्ते जिवंत राहतील. याला त्यांनी ‘मिश्र वापर’ असे नाव दिले आहे.

उल्हासनगरच्या बायकांनी हे ऐकले तर त्यांना हसू येईल. त्या आणि त्यांच्या सासवा गेली पंचाहत्तर वर्षे अशाच घरांत राहत आल्या आहेत. पुढे दुकान, मागे मशीन, वर बिऱ्हाड आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी लाकडी किंवा लोखंडी पोटमाळा. त्या माळ्यावर बसून बाई काय करते, हे मात्र कुठल्याही फलकावर नसते.

मला या लेखात एवढेच मांडायचे आहे की, घर आणि काम जवळ आणण्याची मागणी आपली, स्त्रियांची, मागणी आहे आणि ती आपण जोराने केली पाहिजे. पण ती जागा कोणाच्या नावावर, तिथल्या कामाला काम म्हणणार की नाही, पोरांकडे कोण बघणार, हे प्रश्न आपण विचारले नाहीत तर ‘मिश्र वापर’ याचा अर्थ एकच होईल. बाईचा कामाचा दिवस आणखी लांबेल आणि तिचा पगार तेवढाच राहील.

उल्हासनगर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत आणून ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या शहराची कोनशिला बसवली आणि गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘कॅम्प’च आहे, एक नंबर ते पाच नंबर.

बराक बांधताना सैनिकाची कल्पना केलेली होती. सैनिकाला चूल नसते, मूल नसते, धंदा नसतो. त्या लांबच लांब बराकींत कापडाचे, पत्र्याचे, विटांचे आडोसे करून कुटुंबे राहिली. मागे सगळे सोडून आलेल्या माणसांना नोकरी कोण देणार? मग घरातच धंदा सुरू झाला. पापड, लोणची, मिठाई, शिवण. उंबरठ्याच्या आत माल तयार करायचा आणि उंबरठ्यावर विकायचा. पुढे बराकीचा दर्शनी भाग दुकान झाला, त्यावर मजले चढले, लाकडी सामानाचा बाजार उभा राहिला, जीन्सचा धंदा आला. कोणाही नगररचनाकाराने न आखता एक शहर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात ५ लाख ६ हजार माणसे मोजली गेली. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जवळजवळ ३९ हजार.

या शहराची टिंगल पुष्कळ झाली. पण एक गोष्ट मान्य करायला हवी की, निर्वासितांचे हे गाव भीक न मागता उभे राहिले, ते घर आणि धंदा एकाच छताखाली होते म्हणून. आणि ते छत बाईच्या श्रमांवर टेकलेले होते. दुकान ‘ह्यांचे’, पण सकाळी शटर उघडण्याआधी झाडलोट तिची. कामगार ‘ह्यांचे’, पण त्यांचा चहा तिचा. गिऱ्हाईक आले आणि मालक बाहेर असला तर गल्ल्यावर ती. दुकानाच्या परवान्यावर, वीजबिलावर, भाडेपावतीवर ती कुठेच नसते.

हे झाले दुकानमालकाच्या घरातले. त्याहून वाईट अवस्था गठ्ठा आणून काम करणाऱ्या बाईची. जीन्सचे कापड एका गाळ्यात कापले जाते, दुसरीकडे शिवले जाते, तिसरीकडे धुतले जाते. शेवटी उरतात ते सुटे धागे. ते कापायचे, बटणे लावायची, लेबल लावायचे, घडी घालायची, आणि हे काम गल्लीबोळातल्या खोल्यांत जाते. मजुरी नगावर. गठ्ठा आणून देणारा माणूस कोणाचा, माल कोणत्या कंपनीचा, भाव कोणी ठरवला, यातले तिला काही माहीत नसते. जागा तिची, दिवा तिचा, कात्री तिची. निळा तूस तिच्या खोलीत उडतो आणि तिथेच मूल झोपलेले असते. मालकाच्या दृष्टीने याहून स्वस्त कारखाना नाही. भाडे नाही, वीज नाही, पाळणाघर नाही, संप नाही.

तिला ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारा. उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही, घरीच असते.’

हे तिचे अज्ञान नाही. तिला सगळ्यांनी तेच शिकवले आहे. १९९१ च्या जनगणनेत शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेले बिनमोबदल्याचे कामही मोजावे अशी भर प्रश्नातच घातली गेली. त्यासाठी स्त्री-संघटनांना किती झगडावे लागले, हे आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. २०२१ ची जनगणना लांबली आणि ती २०२७ साठी जाहीर झाली. पण प्रश्न नुसता छापून भागत नाही. दारात आलेला माणूस तो घरातल्या पुरुषाला विचारणार असेल, तर उत्तर तेच येणार.

अंबरनाथ

पुढचे स्टेशन अंबरनाथ. इथे शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे शिवमंदिर आहे. पण आधुनिक अंबरनाथ घडले ते कारखान्यांमुळे. धरमसी मोरारजींचा रसायनाचा कारखाना, विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना, शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना, नंतर एमआयडीसी. ही उल्हासनगरच्या अगदी उलट रीत. भिंतीच्या आत कारखाना, भिंतीच्या बाहेर वसाहत. भोंगा वाजला की पुरुष आत आणि बाई क्वार्टरमध्ये. या मांडणीत एक गृहीत धरलेले असते की, दर कामगारामागे घरी एक बाई आहे, ती डबा करते, पाणी भरते, पोरे सांभाळते आणि त्याचा पगार मागत नाही. कारखाना बंद पडला की मागे नाक्याचे नाव उरते, जसे विमको नाका उरले. त्यानंतर घर चालवायला जी कामे शोधावी लागतात, त्यांना त्या वसाहतीत जागाच ठेवलेली नसते.

तरीही कारखाना घरापासून दूर असावा हा नियम काही उगाच आलेला नाही. वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्या बायकांना तो कोणी समजावून सांगायला नको. २०१४ मध्ये नदीत चोरून ओतलेल्या रसायनाच्या वाफेने उल्हासनगरात शेकडो माणसे आजारी पडली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीचा बडगा आला. नदीसाठी ते आवश्यकच होते. पण धुलाई थांबली की शिवण थांबते आणि शिवण थांबली की धागे कापणाऱ्या बाईचा गठ्ठा थांबतो. तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसल्यामुळे तिला नुकसानभरपाई देण्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

म्हणून ‘घर आणि काम एकत्र’ असे सरसकट म्हणून चालणार नाही. रसायन, धुलाई, रंग, ज्वालाग्राही माल यांना घराखाली जागा नको. शिवण, खाद्यपदार्थ, दुरुस्ती, शिकवणी, दवाखाना, हिशेबाची कामे यांना घराजवळ जागा हवी. ही निवड करण्याचा हक्क तिथे राहणाऱ्या बाईला हवा, कारण चोवीस तास तिथे तीच असते.

बदलापूर

आणि आता बदलापूर. मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून सुमारे ६८ किलोमीटर. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या ते गाडीच्या खिडकीतूनही दिसते. मुंबईत, ठाण्यात घर परवडत नाही म्हणून माणसे इथे आली. इमारतीत खाली मोटारी लावायच्या आणि वर झोपायचे, एवढीच सोय. जणू गावाने फक्त रात्र विकत घेतली आहे. दिवस दुसऱ्या शहरात काढायचा.

नोकरी करणारी बाई इथे अंधारात उठते, डबे करते, लेकराला शेजारणीकडे किंवा सासूकडे सोडते आणि गाडी पकडते. परतीच्या गाडीत भाजी निवडते. दिवसाचे चार तास रुळांवर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. पण इतक्या माणसांना रोज सकाळी एकाच दिशेला का जावे लागते, हा प्रश्न रेल्वेचा म्हणून सोडून देण्यात आला. तो घरांचा प्रश्न आहे, कामाच्या जागांचा प्रश्न आहे.

जी बाई हा प्रवास करू शकत नाही, ती शिक्षण असूनही घरी बसते. तिने घरात डब्यांचा किंवा शिवणाचा धंदा सुरू केला तर जिन्यात माणसे येतात म्हणून सोसायटीची कुरकूर, आणि वीजबिल व्यापारी दराने येईल ही धास्ती वेगळीच. आमच्या एका बैठकीत एक बाई म्हणाली, ‘सोसायटीच्या गणपतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक मी केला तर मी अन्नपूर्णा, दहा डबे विकले तर मी उपद्रवी.’ यावर मला काही जोडायचे नाही.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरच्या स्टेशनात माणसे रुळांवर उतरली, ते शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचारामुळे. त्या अपराधाची जबाबदारी अपराध्याची आणि ज्यांनी मुली सांभाळायच्या होत्या त्यांची आहे. ती कामावर जाणाऱ्या आयांवर टाकण्याचा प्रयत्न कोणी केला तर तो आपण हाणून पाडला पाहिजे. मात्र त्या दिवशी अनेक घरांत एक गोष्ट बोलली गेली: काही झाले तर आपल्याला पोचायला दोन तास लागतात. ज्या वस्तीत आईबाप दोघेही दिवसभर दोन तासांच्या अंतरावर असतात, ती वस्ती बांधणाऱ्यांनी लेकरांचा विचार केला होता का, हे विचारायलाच हवे.

‘पुन्हा घरातच कोंडणार का?’

काही मैत्रिणी इथे हरकत घेतील. त्या म्हणतील, आपण उंबरठा ओलांडायचा म्हणून इतकी वर्षे झगडलो, आणि तुम्ही काम परत घरात आणायला निघालात? हरकत रास्त आहे. घरात आलेले काम घरकामात विरघळून जाते. बाई शेंगा सोलता सोलता धागे कापते आणि दोन्हीची किंमत शून्याकडे जाते. शिवाय घरात बसलेल्या दहा जणी एकमेकींना भेटत नाहीत. भेटत नाहीत म्हणून कोणाला काय भाव मिळतो ते कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणून संघटना होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: काम दाराच्या बाहेर हवे, पण गल्लीच्या आत. बाईने पायांत चप्पल घालून घराबाहेर पडावे, दोन मिनिटांत कामाच्या जागी पोचावे, तिथे इतर बाया असाव्यात, आणि काम संपले की दार बंद करून तिने घरी यावे. घर ते घर, काम ते काम.

याचे धडे आपल्याकडेच आहेत. १९५९ मध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथे लाटणे घरी होते, पण पीठ केंद्रात मळले जाते. रोज केंद्रात यावे लागते, माल द्यावा लागतो, पैसे घ्यावे लागतात. त्या येण्याजाण्यातून बायकांचे जग तयार झाले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवले. गिरणी कामगाराला जेवू घालणारी बाई चाळीच्या खोलीत वर्षानुवर्षे धंदाच करत होती. तिला धंदेवाली म्हणून उभे केले ते संघटनेने. इमारती तशाच होत्या. बदलली ती बाईची त्या इमारतीतली जागा.

दूरचे एक उदाहरण. व्हिएन्ना शहरात १९९३ मध्ये नगरपालिकेने एक वसाहत स्त्री वास्तुरचनाकारांकडूनच आखून घेण्याचे ठरवले. १९९७ मध्ये ती उभी राहिली, ३५७ घरांची. आखणीआधी प्रश्न विचारला गेला की, या घरांतली बाई दिवसभरात कुठे कुठे जाते? त्या उत्तरातून वसाहतीतच बालवाडी आली, दुकाने आली, दवाखाना आला, उजेडाचे जिने आले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असे खेळाचे अंगण आले. आपल्याकडचा पैसा वेगळा, हवा वेगळी, हे मान्य. पण तो प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

माळा नकाशात नाही

हे सगळे आत्ताच का लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. उल्हासनगरच्या जुन्या इमारती धोक्याच्या झाल्या आहेत. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले आणि माणसे घरातच गाडली गेली. बेकायदा बांधकामे नियमित करण्यासाठी या एका शहरापुरता कायदा २००६ मध्ये करावा लागला होता. आता ठिकठिकाणी पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. अंबरनाथ-बदलापुरातही जुनी घरे पाडून मनोरे उठताहेत.

पुनर्विकासाच्या बैठकीला कोण बसते? ज्याचे दुकान, तो. ज्याचा फ्लॅट, तो. नव्या नकाशात दुकानाला दुकान मिळते, फ्लॅटला फ्लॅट. पण पोटमाळा जुन्या नकाशात नव्हताच, म्हणून नव्या नकाशातही तो येत नाही. जिन्याखालची शिवणाची मशीन, गच्चीवरचे पापडाचे वाळवण, मागच्या बोळातली पिठाची गिरणी, यातले काहीच चौरस फुटांत मोजलेले नसते. जिची कमाई त्या जागेवर होती, तिला नवे स्वच्छ घर मिळेल, आणि त्याच दिवशी तिचा रोजगार जाईल. याला विकास म्हणायचे का, ते आपण ठरवायचे आहे.

नियमांतही गोम आहे. आपल्या राज्यातल्या बांधकाम-नियमावल्यांत राहत्या घरात शिवण, भरतकाम यांसारखी कामे करण्याची मुभा असते. पण अट अशी की ती घरातल्याच माणसांनी करावीत, मजूर लावू नये, आणि मोटर लावली तर विजेच्या भाराला मर्यादा. म्हणजे एकटी बाई रात्रभर वाकून शिवत राहिली तर ते नियमात बसते. शेजारच्या दोघींना रोजावर घेऊन तिने छोटा धंदा उभा केला की तो नियमाबाहेर. एकटीने राबा, पण वाढू नका, असा याचा अर्थ होतो. उलट ठेकेदार पन्नास घरांत गठ्ठे वाटतो, तेव्हा नियम म्हणतो की इथे मजूर कोणी नाहीच. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. पन्नास घरांत विखुरलेल्या पन्नास बायांसाठी कोणालाच सक्ती नाही.

आपण काय मागायचे

एक: नव्या इमारतीत, पुनर्विकासात तर नक्कीच, तिथे राहणाऱ्या स्त्रियांच्या गटांसाठी कामाची सामाईक जागा राखून ठेवावी. ती विकायची नाही, माफक भाड्याने द्यायची. वेगळा वीजमीटर, पाणी, संडास, दोन दरवाजे. उल्हास नदीच्या काठच्या वस्तीत ही जागा तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात बदलापुरातले तळमजले पाण्यात गेले, ते आपण पाहिले आहे.

दोन: त्या जागेला लागून पाळणाघर, संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारे. जी बाई गाडीने जाते तिलाही ते लागते आणि जी गल्लीत काम करते तिलाही. पाळणाघर चालवणे हेही पगारी काम आहे.

तीन: पुनर्विकासाच्या करारावर नवरा-बायको दोघांची नावे. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती घर विकत घेऊ शकणाऱ्या बाईला. जी तीस वर्षे त्या घरात राबली, तिचे नाव कराराच्या वेळीच लागले पाहिजे. भाडेकरू बायांचाही हिशेब झाला पाहिजे.

चार: गठ्ठ्याचे काम देणाऱ्याने नोंदवही ठेवावी. नाव, नग, भाव, पैसे दिल्याची तारीख. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्याने घरी काम करणाऱ्या कामगाराला कामगार म्हटले. २०२० च्या संहितेनेही म्हटले. घरी काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ चा आहे. नुसत्या शब्दाने पोट भरत नाही. वहीत नाव लागते.

पाच: इमारतीखाली कोणता धंदा यावा आणि कोणता नको, याबाबत तिथल्या बायकांचे मत विचारात घ्यावे. किराणा, दवाखाना, वाचनालय खाली असेल तर रात्री जिन्यात उजेड असतो, माणूस असतो. दारूचे दुकान असेल तर तोच जिना मुलींना नकोसा होतो.

महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आपल्या तिन्ही शहरांतल्या नगरसेविकांपुढे हे पाच मुद्दे ठेवता येतील. पण त्याआधी आपले घरचे काम आहे. प्रत्येक गटाने आपल्या गल्लीतल्या एका इमारतीत वही घेऊन जावे. कुठल्या खोलीत काय तयार होते, कोण करते, किती वेळ करते, किती मिळते, वीजबिल कोणाच्या नावावर येते, हे लिहून काढावे. माळ्यावर चढावे, जिन्याखाली वाकून बघावे. बिल्डरचा नकाशा येण्याआधी आपला नकाशा तयार हवा.

आणि विचारताना प्रश्न जरा बदलू या. ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारले की ‘घरीच असते’ हे उत्तर येते. त्याऐवजी विचारू, ‘आज सकाळपासून काय काय केलेत?’ वही पुरायची नाही.